पणजीतली नेक्स्टक्लाउड सेवा: फायली झटपट, सोर्स मात्र मेलवर

पणजीतली एक छोटी कंपनी गेस्टहाउस, सीए कार्यालये आणि शाळांना नेक्स्टक्लाउड, म्हणजे फायली साठवायचे आणि शेअर करायचे मुक्त सॉफ्टवेअर, चालवून देते. नाव मुद्दाम देत नाही. सेवा म्हणून खोट काढायला फारशी जागा नाही: पावसाळ्यात वीज गेली तरी अर्धवट राहिलेला अपलोड पुढे चालू होतो, बॅकअप वेळेवर होतात, फोन उचलला जातो.

घोडे अडते ते लायसन्सपाशी.

नेक्स्टक्लाउड सर्व्हर एजीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली येतो. या लायसन्सचे कलम १३ सांगते की कोड बदलून तो नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड) सर्व्हरवरून फुकट मिळाला पाहिजे, आणि तो मिळतो हे ठळक दिसलेही पाहिजे. लोगो, रंग, नाव थीमिंगमधून बदलले तर हे कलम लागत नाही, ती नुसती सेटिंग. पण इथे शेअर लिंकच्या पानावर मोबाइल नंबर विचारणारा फॉर्म आहे, आणि तो थेट नेक्स्टक्लाउडच्या गाभ्याच्या पीएचपी कोडमध्ये घातलेला, म्हणजे कोडच बदललेला.

फूटरमधला ‘सोर्स कोड’ दुवा उघडला की गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे मूळ प्रकल्पाचे पान दिसते. तिथे हा फॉर्म कुठून असणार! विचारले तर उत्तर येते: मेल करा, प्रोसेसिंग फी भरा, झिप पाठवू. कलम १३ मध्ये ना फी बसते ना मेल. शिवाय जी झिप येते ती चालू आवृत्तीची नाही, आणि तिच्यात जावास्क्रिप्टचे फक्त ‘डिस्ट’ फोल्डर, म्हणजे बिल्ड होऊन आवळलेला कोड. तो वाचून कुणी काय बदलणार? ‘एसआरसी’ फोल्डर, ‘पॅकेज डॉट जेसन’ आणि बिल्डच्या स्क्रिप्टही द्याव्या लागतात.

ही सवय बहुधा वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधून आलेली. त्याचे जीपीएल हे लायसन्स आपल्याच सर्व्हरवर बदल करून साइट चालवणाऱ्याकडे सर्व्हरचा सोर्स मागत नाही. एजीपीएल ३ हे २००७ साली आले तेच ही फट बुजवायला.

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक डिप्लॉयला, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये टॅग (त्या आवृत्तीची खूण) लावायचा, रेपो (कोडचा साठा) लॉगिनशिवाय उघडेल असा ठेवायचा आणि दुवा त्याच टॅगवर न्यायचा. थीमिंगमधला ‘लीगल नोटिस’चा रकाना यासाठी चालतो, पण तो दुवा लॉगिनच्या आणि शेअरच्या पानावरच दिसतो. आत गेलेल्यांसाठी ‘एक्स्टर्नल साइट्स’ अॅपमधून वरच्या मेनूत वेगळा दुवा द्यावा. खाते नसलेला, नुसती शेअर लिंक उघडणारा कळंगुटचा पर्यटकही वापरकर्ताच, हे सगळ्यात जास्त विसरले जाते.

रेपो उघडा करण्याआधी ‘कॉन्फिग डॉट पीएचपी’ ही सेटिंगची फाइल त्यात नाही ना, ते पाहावे. डेटाबेसचा पासवर्ड त्यातच असतो आणि तो द्यावा असे लायसन्स म्हणत नाही. फाइल एकदा रेपोत कमिट (नोंद) झाली असेल तर नंतर उडवूनही इतिहासात राहते. अशा वेळी पासवर्डच बदलावा.

कलम ८ प्रमाणे पहिल्याच चुकीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली तर लायसन्स मोडल्याने गेलेले कोड वापरायचे हक्क कायमचे परत मिळतात. एजीपीएलखालच्याच मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्क सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचाच कोड वापरणाऱ्या ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलला पत्र धाडले, आणि नोव्हेंबरात सोर्स साइटवर आला. पणजीच्या कंपनीला अजून कुणाचे पत्र नाही. करार करणाऱ्या गेस्टहाउसने ‘चालू आवृत्तीचा सार्वजनिक टॅग’ ही अट आत्ताच लिहून घ्यावी.