वनस्पतीच्या पेशीत जनुक घालायचंय: विजेचा झटका, पीईजी की जीन गन?

आधी एवढंच ठरवा, शेवटी हातात काय हवंय? उद्या मायक्रोस्कोपखाली जीएफपीने (चमकणारं एक प्रथिन) हिरव्या चमकणाऱ्या पेशी, की कुंडीतलं रोप? मशिनची चौकशी त्यानंतर.

नुसत्या चमकत्या पेशी हव्या असतील तर मी पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे रसायन) आणि वीज यांतून निवडेन. दोन्हींना प्रोटोप्लास्ट, म्हणजे सेल्युलेज-मॅसरोझाइम या विकरांनी भित्तिका उतरवलेल्या पेशी लागतात, आणि खरा घाम तिथेच निघतो. पुढे पीईजीला मशिन लागत नाही. डीएनए, कॅल्शियम, पीईजी ४०००चं ४० टक्के द्रावण; थोडा वेळ थांबा, धुवा, झालं. ॲराबिडॉप्सिस (प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं रोप) असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

विजेने पेशीपटलाला क्षणभर छिद्रं पडतात आणि डीएनए आत शिरतो. पटलावर किती ताण येणार हे पेशीच्या आकारावर ठरतं. ४० मायक्रॉन व्यासाच्या प्रोटोप्लास्टला सेंटिमीटरला ५०० व्होल्ट दिले की पटलावर साधारण दीड व्होल्ट येतो, तेवढा पुरतो. ई. कोलाय हा बॅक्टेरिया इवलासा, त्याला सेंटिमीटरला १२ ते १८ हजार व्होल्ट लागतात. ‘लॅबमध्ये बॅक्टेरियाचं मशिन आहेच की’ म्हणून त्याच सेटिंगवर प्रोटोप्लास्ट लावलेत तर क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या डबीत) हिरवं सूप उरेल. कमी व्होल्टेज आणि मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ही सोय त्यात आहे का, ते आधी पाहा. द्रावणात क्षार जास्त झाले तर ‘फट्’ असा आवाज येतो. तो नमुना गेला समजा. योग्य व्होल्टेज सापडेपर्यंत जिवंत-मेलेल्या पेशी मोजत बसायचं, हा खरा कंटाळा. पण मक्याचे भरपूर नमुने असतील तर एकदा सेटिंग बसल्यावर वीजच बरी. १९८५ मध्ये फ्रॉम, टेलर आणि वॉलबॉट यांनी गाजर, तंबाखू आणि मका, तिन्हींच्या प्रोटोप्लास्टमध्ये ती चालवून दाखवली होती.

रोप हवं असेल तर मात्र जपून. प्रोटोप्लास्टपासून अख्खं रोप उभं करणं धान्यपिकांत फार चिवट काम. १९८८ मध्ये विजेच्या वाटेने मक्याची रोपं मिळाली, पण वांझ! जीन गनला भित्तिकेची अडचण नाही, डीएनए लावलेले सोन्याचे कण थेट कॅलसवर (वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यावर) मारता येतात. फक्त सोनं, हेलियम, डिस्क असा खर्च चालूच राहतो, आणि जनुकाच्या अनेक प्रती भलत्या ठिकाणी घुसतात. तंबाखू किंवा कापूस असेल तर तिन्ही सोडा, ॲग्रोबॅक्टेरियम घ्या, म्हणजे वनस्पतीत स्वतःच डीएनए घालणारा बॅक्टेरिया.

आणि हो, क्युव्हेटची ऑर्डर देण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज टाका.