व्हिजिट व्हिसावर नोकरी नसते

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कंत्राट संपलेल्या पोरांच्या मोबाइलवर ‘दुबईत वेल्डर, हेल्पर पाहिजेत, जेवण-राहणं फुकट’ अशा जाहिराती फिरतात. मुलाखत सीबीएस बसस्थानकाजवळच्या एखाद्या लॉजवर होते आणि एजंट सगळ्यात आधी पासपोर्ट ठेवून घेतो. मग मेडिकल, स्टॅम्पिंग, तिकीट असं सुटं सुटं करत पैसे काढतो, तेही रोख किंवा भलत्याच नावाच्या यूपीआयवर. तोवर घरातलं गंठण गहाण पडलेलं असतं, त्यामुळे शंका आली तरी मागे फिरवत नाही.

व्हिसाची पीडीएफ येते ती निघायच्या आदल्या रात्री. झोपायच्या आधी ती नीट वाचा. त्यावर ‘टुरिस्ट’ किंवा ‘व्हिजिट’, 30 किंवा 60 दिवस असं दिसलं, तर ती नोकरी नाही. ‘विमानतळावर फिरायला चाललोय असं सांग’ हे वाक्य ऐकलं की थांबाच. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असा शेरा असतो. आखाती देशांसह 18 देशांत कामाला जाताना त्यांना सरकारी मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसाला ती लागत नाही, म्हणून एजंट तो काढतो. तिकडे मुदत संपली की यूएईत रोज 50 दिरहॅम दंड चढतो. सहा महिन्यांत 9,000. मालक पगार देईना तरी तक्रार करायची सोय उरत नाही, कारण आपणच बेकायदा ठरतो. वकिलाती भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्यांना निवारा आणि परतीचं तिकीट देतात, पण एजंटला दिलेले पैसे त्यातून मिळत नाहीत.

पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना क्रमांक टाका. क्रमांक खरा निघाला तरी नाव, पत्ता आणि फोन जुळवा. दुसऱ्याचा क्रमांक छापणारे बरेच आहेत. ‘मी मुंबईच्या कंपनीचा सब-एजंट’ म्हणणाऱ्याला कायद्यात जागाच नाही. परवानाधारकाची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. ती बँकेतून द्या, पावती घ्या. परदेशात कामाला जाणाऱ्यांसाठीचा प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांसाठी 275 रुपयांत होतो, संरक्षण 10 लाखांचं. एजंट त्याचं नावच काढत नसेल तर तेवढ्यावरून ओळखा.

फसलात तर जवळच्या पोलीस ठाण्यात आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाण्याची मंजुरी देणारं सरकारी खातं) कार्यालयात लेखी तक्रार द्या. व्हॉट्सॲप चॅट पुसू नका. पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या झेरॉक्स घरी ठेवून जा. तिकडे फोन काढून घेतला तर मालकाचं नाव-पत्ता घरच्यांना तेवढ्यातूनच मिळतं.