इंजिन बदललं तरी ट्रक मिसिंग मारतोय: आधी स्कॅनर की आधी हात?

इंजिन बदलून झालं, पहिल्या सेल्फला ट्रक सुरूही झाला, पण आयडलिंगला केबिन थरथरते, मध्येच मिसिंग येतं (एखादा सिलिंडर पेट घेत नाही) आणि चढाला पिकअप तुटतो. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एकाचं म्हणणं, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावा, त्यातले बिघाडाचे कोड बघा आणि त्या दिशेनं जा. दुसऱ्याचं म्हणणं, स्कॅनर नंतर. जिथं जिथं पाना लागलाय ते सगळं आधी डोळ्यांनी आणि हातांनी तपासा. सल्ला देणारे दोघंही जाणकार असतात, त्यामुळे ऐकणारा जास्तच गोंधळतो.

माझा ट्रक सहा सिलिंडरचा, कॉमन रेल डिझेलचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) दाबाखाली डिझेल मिळतं. त्याला वापरलेलं इंजिन बसवून घेतलं तेव्हा या दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांना स्कॅनर लागतच नाही, त्यामुळे पुढचं सगळं ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलेल्या गाड्यांबद्दल आहे.

स्कॅनरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. कॉमन रेलमध्ये आयडलिंगलाच रेलचं प्रेशर साधारण ३०० बारच्या आसपास असतं, लोड आला की ते १६०० बार किंवा त्याहून वर जातं. जुन्या पद्धतीनं एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधणं इथं जिवावर बेतू शकतं. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते. स्कॅनरमधून मात्र एकेक सिलिंडर सुरक्षितपणे बंद करता येतो. जो बंद केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच झोपलेला.

दुसरं काम तर स्कॅनरशिवाय होतच नाही. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट. बऱ्याच इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा करेक्शन कोड छापलेला असतो. तो किती डिझेल सोडतो यातला बारीक फरक त्या कोडवरून ईसीएमला कळतो. तुम्ही इंजिन बदललं, इंजेक्टर त्या दुसऱ्या इंजिनाचे आले, पण ईसीएम जुनाच राहिला, तर तो अजूनही जुन्याच इंजेक्टरच्या हिशोबानं डिझेल सोडतोय. थोडी थरथर, थोडा धूर, आणि तरीही बिघाडाचा एकही कोड नाही. इथं पाना कितीही फिरवला तरी उपयोग नाही, नव्या इंजेक्टरचे कोड ईसीएममध्ये भरावेच लागतात.

इतकं असूनही स्कॅनर मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. त्याचं कारण असं, की इंजिन बदललंय हे स्कॅनरला माहीतच नसतं. त्यातले कोड मुख्यतः बसलेल्या, चालत्या गाडीत काही झिजलं, तुटलं, मर्यादेबाहेर गेलं तर ते सांगायला बनवलेले आहेत. जोडणी करताना काय राहिलं, काय उलटं लागलं, हे ते सहसा सांगत नाहीत. ते परिणाम दाखवतात, आणि त्या परिणामाच्या नावाचा एखादा महागडा पार्ट नेमका असतो.

माझ्या बाबतीत रेल प्रेशर कमी असल्याचा कोड येत होता. हलक्या गाड्यांत तो पी००८७ असा दिसतो, मोठ्या ट्रकमध्ये एसपीएन १५७, एफएमआय १८. कोड पुसला की थोडा वेळ शांतता, चढ लागला की पुन्हा हजर. गॅरेजमध्ये लगेच हाय प्रेशर पंप उतरवायची भाषा सुरू झाली. कागदावर ते चुकीचं नव्हतं. रेलचं प्रेशर कमी, प्रेशर पंप बनवतो, म्हणून पंप संशयित. पण ज्या इंजिनाबरोबर तो पंप आला ते उतरवण्याआधी व्यवस्थित चालत होतं. मधल्या काळात बदललं काय? डिझेलच्या पाइपा सुटल्या आणि परत जोडल्या गेल्या, एवढंच.

म्हणून पंपाच्या आधीच्या, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या सक्शन लाइनमध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवून घेतला. (फक्त सक्शन बाजूला. हाय प्रेशर बाजूला असलं काहीही करायचं नाही.) फिल्टर किंवा पाइप उघडल्यावर सुरुवातीला बुडबुडे येतातच, ते काही वेळात संपायला हवेत. इथं ते संपले नाहीत. आयडलिंगला बारीक मोत्यांची माळ सरकत होती, आणि रेस दिली की ते मणी एकत्र होऊन लांबट फुगे व्हायचे. डिझेलऐवजी पंपाच्या वाट्याला हवा येत होती. हवा येत होती बँजो बोल्टाच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाच्या) तांब्याच्या वॉशरमधून. जोडताना जुनेच वॉशर परत लावले होते. एकदा दाबून चपटा झालेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसेलच असं नाही.

हे दिसत का नाही, तेही समजून घ्या. लाइनच्या त्या भागात पंप ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली थेंब नाही, जोड कोरडा ठणठणीत. टाकीतच फीड पंप असलेल्या गाडीत उलटं होतं, तिथं लाइन दाबाखाली असते आणि गळती डोळ्यांना दिसते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, ते आधी विचारून घ्या.

वॉशर बदलले, हँड पंपानं एअर काढली, आणि तो कोड परत आला नाही. पंप होता तिथंच राहिला.

हातांनी तपासायच्या बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच, म्हणून भराभर सांगतो. इंजिनाची अर्थिंगची पट्टी राहिली नाही ना, किंवा रंगावरच कसली नाही ना? सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांमध्ये मल्टिमीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग सुधारल्याशिवाय कोणत्याही सेन्सरला दोष देऊ नका. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजची क्लिप बघा, इथं हवा सुटली की काळा धूर येतो आणि ताकद जाते. शेजारशेजारच्या इंजेक्टरचे सॉकेट अदलाबदल झालेत का तेही बघा. तारा शाबूत असल्यामुळे अशा वेळी सर्किटचा कोड येत नाही, फक्त दोन सिलिंडरना भलत्या वेळी डिझेल मिळत राहतं. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बहुतेक वेळा १-५-३-६-२-४ असा असतो, त्याच्याशी हार्नेस (तारांचा जुडगा) ताडून बघा.

एक गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे, कारण थरथर म्हणजे मिसिंगच असं नाही. ६०० आरपीएमच्या आयडलिंगला क्रँक सेकंदाला दहा फेरे घेतो, आणि एकेक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एक सिलिंडर मेला असेल तर धक्का सेकंदाला पाचदा, डुगडुगल्यासारखा येतो, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी आवाजही तुटक लागतो. फ्लायव्हील किंवा क्लच प्लेटचं बॅलन्स बिघडलं असेल तर थरथर दुप्पट वेगाची असते, आरपीएमबरोबर वाढत जाते, पण सायलेन्सरचा आवाज एकसारखा राहतो. आवाज एकसारखा आणि केबिन तेवढी हलते, तर इंजिनाचं माऊंटिंगही बघा. पिळून बसवलेलं रबर सगळे धक्के चॅसीला देतं. बॅलन्स किंवा माऊंटिंगचा दोष स्कॅनरवर सहसा दिसत नाही.

हातांची वाट वेळखाऊ आहे, हे मान्य. घाईचा माल भरलेला असेल, गाडी रस्त्यात उभी असेल, तर स्कॅनर आधी लावणं समजण्यासारखं आहे. इंजिन ज्या ट्रकमधून आलं तो वेगळ्या वर्षाचा असेल तरीही. कारण फ्लायव्हीलवरचे दाते बदललेले असू शकतात, क्रँक सेन्सरला मग चुकीची मोजणी मिळते, आणि ते लाइव्ह डेटात (चालू इंजिनाचे स्कॅनरवर दिसणारे आकडे) चटकन दिसतं. कॉम्प्रेशनचा संशय असेल तर सिलिंडरांची आपसातली तुलनाही काही स्कॅनर सेल्फ मारताना क्रँकच्या वेगातल्या फरकावरून करून देतात, काहीही न उघडता. या बाबतीत माझा आग्रह नाही.

पण इंजिन नुकतंच बसलंय, गाडी गॅरेजच्या दारात आहे आणि वेळ आहे, तर मी आधी हातच लावेन. त्यानंतर जुने कोड सगळे पुसायचे, कारण काम चालू असताना सॉकेट काढलेले असताना कुणी चावी फिरवली की कोडांचा ढीग साचतो. मग थोडी लोडवर गाडी चालवून जे नव्यानं येतील तेवढेच वाचायचे. आणि स्कॅनर लावाल तेव्हाही कोडांपेक्षा लाइव्ह डेटा बघा: ईसीएमनं मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं. दोन्हींत अंतर पडत असेल तर पंपाच्या आधी सक्शनची पारदर्शक नळी.

इंजिन अजून बसायचं असेल, तर आताच दोन कामं करून ठेवा. इंजेक्टरवरचे कोड दिसताहेत तोवर सिलिंडरच्या क्रमानं त्यांचे फोटो काढा. बऱ्याच इंजिनांत ते नंतर कव्हरखाली जातात. आणि तांब्याच्या वॉशरचा नवा सेट स्वतः आणून मेकॅनिकच्या हातात द्या.