किआलो एज्यु: मुद्दा मांडायला शिकवणारं साधन

पटवून देणारा परिच्छेद शिकवणाऱ्यांसाठी ही मोफत वेबसाइट फार कामाची आहे. (एस्पेरांतो भाषेत 'किआलो' म्हणजे कारण.) वर एक विधान लिहायचं, त्याखाली बाजूचे आणि विरोधी मुद्दे फांद्यांसारखे जोडत जायचे.

'शाळेत मोबाइलबंदी हवी' हे विधान घ्या. मुलं हमखास 'लक्ष लागत नाही आणि पैसे वाया जातात' असं एकाच चौकटीत कोंबतात. तिथेच थांबवून दोन चौकटी करायला लावा. मग प्रत्येकीखाली 'कशावरून?' याचं उत्तर. ही खालची फांदी रिकामी राहिली, की परिच्छेद नुसती घोषणा होतो.

हा फांद्यांचा नकाशा म्हणजे परिच्छेद मात्र नव्हे. चौकटी जशाच्या तशा उतरवल्या की वाक्यं सुटी पडतात. म्हणून एकच फांदी निवडून वहीत सात वाक्यं लिहून घ्या: एक भूमिका, एक कारण, दोन पुरावा-उदाहरणाची, एक विरोधी मुद्दा, एक त्याचं उत्तर, एक समारोप. 'कारण', 'उदाहरणार्थ', 'असं म्हणता येईल, तरीही' हे सांधे फळ्यावर राहू द्या.

इंग्रजीतल्या 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू'च्या (एक मत आणि त्याच्या विरोधातलं मत मांडण्याच्या) सरावाला तर हे अगदी चपखल बसतं. वर्गात इंटरनेट नसेल, तर हीच मांडणी चिठ्ठ्या चिकटवूनही होते.