कलमाच्या चाकूची मूठ: ॲल्युमिनियम, पितळ की सागवान?

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची पन्हेरी (रोपवाटिका) करणाऱ्याला डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचा, चाकू स्वतःच्या हाताच्या मापाचाच लागतो. पाते पोलादाचेच घ्या. ॲल्युमिनियमचे पाते कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. ६०६१ टी-६ हा ॲल्युमिनियमचा चांगला मिश्रधातू, पण ब्रिनेल मापावर त्याचा कठीणपणा ९५ च्या आसपास. नीट पाणी पाजलेले पोलाद ६०० च्या घरात जाते. बोथट पात्याने जंबेरीची (ज्यावर डोळा भरतात त्या खुंटाची) साल चिरडते आणि डोळा लागत नाही. म्हणून निवड करायची ती मुठीची.

वजनात ॲल्युमिनियम पितळेला सहज मागे टाकते. २० घन सेंटिमीटरची भरीव मूठ ॲल्युमिनियमची ५४ ग्रॅम, तर पितळेची १७० ग्रॅमच्या आसपास भरते. दिवसभर वाकून डोळे भरणाऱ्याच्या मनगटाला हा फरक संध्याकाळी कळतो. सागवान तर १५ ग्रॅमच्याही आत बसते. शिवाय मे महिन्यात धुऱ्यावर उन्हात राहिलेली धातूची मूठ हातात धरवत नाही, लाकडाची धरवते.

पण माझ्या मते खरा निकाल लागतो तो मोरचुदावर. सल (वाळलेल्या फांद्या) काढली की कापांवर बोर्डो पेस्ट लावतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तोच हात, तोच चाकू. मोरचुदातले तांबे ॲल्युमिनियमला खाते, खड्डे पाडते, आणि चुन्याचा क्षारही त्याला सोसत नाही. ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला संरक्षक थर पाण्यापावसात टिकतो, चुन्यापुढे नाही. पाते निर्जंतुक करायला ब्लीचचे पाणी वापरत असाल तर तेही तसेच, स्पिरिट चालते. पितळ यात काळवंडते, पण टिकते.

म्हणून पेस्टचे काम करणाऱ्याने सागवान किंवा पितळ घ्यावे. पन्हेरीत फक्त डोळे भरणाऱ्याला, खिशात चाकू बाळगणाऱ्याला ॲल्युमिनियम छान. लेथवर ते लोण्यासारखे कापले जाते, बोटांसाठी खाचा हव्या तशा निघतात.

घेताना ६०६१ ची सळई मागा. भंगारातली भांडी वितळवून ओतलेल्या मुठीत पोकळ्या राहतात, रिबिटाच्या भोकापाशी ती तडकते. पात्याची शेपटी (मुठीत शिरणारा भाग) आणि मूठ यांच्यामध्ये इपॉक्सीचा थर हवाच, नाहीतर ओलाव्यात पोलादाला चिकटलेले ॲल्युमिनियम आतून खराब होते. लाकडी मुठीत शेपटी तापवून ठोकतात तसे इथे करू नका, २०० अंशांपुढे टी-६ ची ताकद उतरू लागते.

घासणीचे काम कानशीने करा. दाते भरू नयेत म्हणून आधी खडू चोळा. पोलाद घासायच्या ग्राइंडरवर मात्र ॲल्युमिनियम लावू देऊ नका. चाकाची छिद्रे भरून ते तापते, फुटू शकते, आणि त्याच्या भुकटीवर पोलादाची ठिणगी पडली तर आग लागते.