बाग आधी की वाट आधी?

गोव्यातल्या एखाद्या शहराच्या मध्यावर पडून राहिलेल्या बागेसाठी पैसे मंजूर झाले की दोन मते पडतात. एका मताने आधी आत हात घालायचा: झाडे, पायवाटा, दिवे, खेळणी. दुसऱ्या मताने आधी फाटकाबाहेरचा फुटपाथ आणि रस्ता ओलांडायची जागा नीट करायची. दोन्ही एकाच वर्षी करता आले तर वादच नाही, पण पालिकेच्या अंदाजपत्रकात ते क्वचित बसते. ही निवड करायची वेळ आली तेव्हा माझा कल बाहेरच्या कामाकडे गेला आणि अजून तिथेच आहे. तरी आतल्या कामाची बाजूही पोकळ नाही, म्हणून सुरुवात तिथून.

आतल्या कामाची मोठी सोय म्हणजे सगळी जागा पालिकेच्या ताब्यात असते. वाहतूक पोलीस, सार्वजनिक बांधकाम खाते, वीज खाते, पाणीपुरवठा या सगळ्यांना एका टेबलाशी बसवावे लागत नाही. काम दिसते, फोटो चांगले येतात, उद्घाटन वेळेवर होते. हे हसण्यावारी नेऊ नये. दिसणाऱ्या कामालाच पुढचा हप्ता मिळतो.

आत सर्वांत जास्त नुकसान झाडांचे होते. जुन्या पर्जन्यवृक्षाची किंवा गुलमोहराची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटिमीटरच्या थरातच असतात. नवी पायवाट करताना जेसीबी ३०-४० सेंटिमीटर खोल जातो आणि मुळे तुटतात. झाड दोन-तीन पावसाळे उभे राहते, मग एका वादळी रात्री आडवे होते आणि दोष वाऱ्याला जातो. झाडाच्या सावलीच्या घेरात खोदाई हातानेच करावी, १० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, आणि वाट जमिनीत रुतवण्याऐवजी जमिनीवर चढवून घ्यावी. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी हवी; राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हेच अंतर सांगितले होते. एखादे झाड काढायचेच ठरले तर गोव्याच्या १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तो कागद निविदा काढण्याआधी हातात असावा.

लॉन कागदावर छान दिसते. पण हरळीला दिवसातून सहा तास तरी ऊन हवे, आणि जुन्या बागेत ते कुठून आणणार? उन्हाळ्यात ती विरळ होते आणि जूनमध्ये तिथे चिखल होतो. कडेला अर्धे ऊन येते तिथे आबोली आणि सोनटक्का, गर्द सावलीत नेचे लावले तर देखभाल निम्म्यावर येते. दिव्यांचीही अशीच गत. ९ मीटरचा खांब दिवा पानांच्या वर नेतो, मग उजेड शेंड्यांवर आणि अंधार बाकांवर. ४ ते ४.५ मीटर उंचीचे खांब, १२ ते १५ मीटर अंतराने, पिवळसर ३००० केल्विनचा प्रकाश, एवढे पुरते. खेळण्यांच्या निविदेत नुसते पावडर कोटिंग लिहू नका. खाऱ्या हवेत जोडाच्या ठिकाणी गंज आधी धरतो. वेल्डिंग पूर्ण झाल्यावर गरम जस्तात बुडवलेले लोखंड मागा. कारंजे टाळता आले तर टाळा. पंप बंद पडला की साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

एवढे सगळे नीट केले तरी एक प्रश्न उरतो: आत येणार कोण आणि कुठून? पणजीची गार्सिया द ओर्ता बाग घ्या, नाहीतर मडगावची पालिका इमारतीजवळची. चारी बाजूंनी रस्ते, म्हणजे बागेत जायचे तर वाहनांची एक तरी रांग ओलांडावीच लागते. त्यामुळे अशा बागेचा खरा उंबरठा फाटकापाशी नसून समोरच्या फुटपाथच्या कडेला असतो.

बाहेरच्या कामाचे मोजमाप रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे: चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, डोक्यावर २.२ मीटर, कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, फुटपाथवरून खाली यायचा उतार १:१२, म्हणजे एक मीटर उतरायला बारा मीटर लांबी. बाजारपेठेत रुंदी वाढवावी लागते. ही १.८ मीटर वीज खात्याची पेटी, झाडाचा चौथरा आणि ऑम्लेट-पावचा गाडा वगळून मोजायची असते. नकाशावर २ मीटर दिसणारा फुटपाथ प्रत्यक्षात कित्येकदा ९० सेंटिमीटर भरतो. गाडा हटवू नये असे माझे मत आहे. संध्याकाळी फाटकाशी माणसे थांबतात ती त्याच्यामुळे. त्याला कडेच्या पट्ट्यात जागा आखून द्यावी, म्हणजे भांडण मिटते.

आता ज्या त्रासाने माझे पारडे झुकवले तो. फुटपाथवरून उतार काढून झेब्रा पट्ट्यांवर उतरायची साधी व्यवस्था केली, की पावसाळ्यात उताराच्या पायथ्याशी डबके साचते. त्याला कारण आहे. पाणी कडेला जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच ठेवून दोन्ही बाजूंना दोन-अडीच टक्के उतार देतात. म्हणजे रस्त्याची सर्वांत खोल रेषा कडेच्या दगडाला लागून असते, आणि चालणाऱ्याचे पहिले पाऊल आपण नेमके तिथेच टाकायला लावतो. त्यात दर डांबरीकरणाला जुना थर न खरवडता वर २५-४० मिलिमीटरचा नवा थर बसतो. गटाराची जाळी खाली राहते, तिच्याभोवती खळगा होतो, पानांचा लगदा बसतो. गढूळ पाण्याखाली दोन सेंटिमीटरची कड दिसत नाही. साडी सावरणारी बाई, काठी टेकणारे आजोबा, चाकाची खुर्ची, सगळे तिथेच अडतात. तरणी मंडळी उडी मारतात, बाकीचे परत फिरतात.

आपल्याकडे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत पायी येणारे थांबले की बागेत कोणाची नजर राहत नाही. गवत गुडघ्याला लागते, पायवाटेवर शेवाळ चढते, बिघडलेल्या दिव्याची तक्रार करायला कोणी नसते. ऑक्टोबरमध्ये साफसफाई होते, पण तोवर लोकांची पावले दुसरीकडे वळलेली असतात. माझ्या पाहण्यात बाग ओसाड व्हायला सुरुवात होते ती अशी, बाहेरून. आकडेवारी नाही माझ्याकडे, पण पावसात फाटकाशी उभे राहिले की कळते.

यावर मला पसंत पडलेला उपाय म्हणजे उंचावलेले क्रॉसिंग. माणसाला रस्त्यावर उतरवण्याऐवजी तेवढा रस्ताच फुटपाथच्या पातळीला आणायचा. सपाट माथा निदान ३ मीटर रुंद ठेवायचा, वाहनांना दोन्ही बाजूंनी चढ द्यायचा. कदंबच्या (सरकारी महामंडळाच्या) बसा त्या रस्त्याने जात असतील तर उंची १०० मिलिमीटरच ठेवा आणि चढ १:२०, म्हणजे दोन मीटर लांब. फुटपाथ १५० मिलिमीटर उंच असेल तर उरलेले ५० मिलिमीटर फुटपाथच्या बाजूने सौम्य उताराने जुळवून घ्यावेत. बस नसलेल्या गल्लीत चढ १:१० चालतो. वाहनांचा वेग आपसूक उतरतो, वेगळा गतिरोधक लागत नाही.

हे काम बिघडते ते पाण्यामुळेच. क्रॉसिंग म्हणजे रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याला घातलेला बांध. पुष्कळ ठिकाणी कडेला २०० मिलिमीटरची फट ठेवून तिच्यावर जाळी टाकतात. पहिल्या पावसातच ती पानांनी भरते आणि डबके पुन्हा हजर. योग्य पद्धत अशी: पाणी ज्या बाजूने येते तिकडे, चढ सुरू होण्याआधी, कडेला चेंबर बांधायचा आणि पाणी पाइपने क्रॉसिंगखालून पुढच्या गटारात सोडायचे. हिशेब सोपा आहे. ५०० चौरस मीटर रस्त्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सेकंदाला सात लिटर पाणी येते. १:१०० उताराचा २०० मिलिमीटर पाइप त्याच्या चौपट वाहून नेतो. तरीही ३०० चा टाकावा, कारण २०० च्या पाइपात अडकलेली नारळाची झावळी काढता येत नाही. चेंबरच्या तळाशी पाइपाच्या खाली ३० सेंटिमीटर खोली गाळासाठी ठेवा. झाकणाच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि १२ मिलिमीटरपेक्षा अरुंद हव्यात, नाहीतर छत्रीचे टोक आणि काठी अडकते.

माथ्याला ८० मिलिमीटर जाडीचे, एम-४० मजबुतीचे पेव्हर (काँक्रीटचे ब्लॉक), चढाला जागेवर ओतलेले काँक्रीट, अशी जोडी टिकते. चढावरही पेव्हर लावले तर ब्रेकच्या धक्क्याने ते सरकतात, फटी उघडतात, खालची वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात. पेव्हरच्या चारी बाजूंना काँक्रीटची पट्टी हवीच, नुसता सिमेंटचा गिलावा नव्हे. फुटपाथला ६० मिलिमीटरचे पुरतात. जिथे दुकानाची गाडी चढते तिथे मात्र ८० चेच. आणि एक गोष्ट विसरली जाते: क्रॉसिंगखाली ११० मिलिमीटरचे दोन रिकामे पाइप आधीच टाकून ठेवा. केबलवाले आज नाहीत म्हणजे उद्या येणार नाहीत असे नाही.

खांब रोवून दुचाकी अडतील अशी आशा ठेवू नका. चाकाच्या खुर्चीसाठी खांबांमध्ये मोकळी जागा ठेवावीच लागते आणि त्यातून स्कूटर आरामात जाते. त्यापेक्षा क्रॉसिंगच्या अलीकडे पाच मीटर मोकळे सोडून त्यापुढे दुचाकींची जागा आखा. उभ्या मोटारीपेक्षा उभ्या दुचाकींच्या वरून पलीकडचे जास्त दिसते, त्यामुळे ओलांडणारे मूलही चालकाच्या नजरेस पडते.

या बाजूच्या उणिवा झाकत नाही. खाती चार, सह्या आठ. काँक्रीटचा चढ घट्ट व्हायला आठवडाभर तो भाग बंद ठेवावा लागतो आणि दुकानदार कुरकुरतात. काम मेच्या मध्यापर्यंत आटोपले नाही तर ऑक्टोबरवर जाते. उद्घाटनाला दाखवायला उंचावलेल्या रस्त्याशिवाय काही नसते. नगरसेवकाची अडचण मी समजू शकतो.

काही वेळा आतले काम आधी करायलाच हवे. वाळलेल्या फांद्या बाकांवर लोंबत असतील, दिव्याच्या खांबाची तार उघडी असेल, शौचालयाची टाकी फुटली असेल, तर माणसे आत आणण्याआधी ते निस्तरा. फांद्यांचे काम मेआधी. पण एवढ्याने पूर्ण नूतनीकरण होत नाही, ही फक्त दुरुस्ती आहे, आणि बाहेरच्या निविदेतच एक कलम घालून ती उरकता येते.

अजून मन ठरत नसेल तर एक साधी मोजणी करा. बागेचा नकाशा घेऊन सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी साडेपाचला प्रत्येकी एक तास उभे राहा. कोण कुठून रस्ता ओलांडतो त्याची रेघ ओढा. म्हापशात असाल तर एक शुक्रवार धराच, बाजारादिवशी सगळी गणिते बदलतात. रेघा दाट होतील तिथे क्रॉसिंग, आणि त्याच्यासमोर फाटक. फाटक भलतीकडे असेल तर कुंपणात १.५ मीटरचे, पायरी नसलेले नवे फाटक काढणे हे या सगळ्यात स्वस्तातले काम आहे. मग समोरासमोरच्या दोन फाटकांना जोडणारी आतली एकच वाट, तिरकी असली तरी चालेल, पक्की करून घ्या. बसस्टँडकडून बाजाराकडे जाणारा माणूस बागेतून जाऊ लागला की निम्मे काम झाले.

फक्त ती वाट दुपारी कुलूपबंद होणार नाही याची लेखी व्यवस्था आधीच करा. बारा ते तीन फाटक बंद राहिले तर लोक महिनाभरात जुन्या रस्त्यावर परततात. पैसे उरले तर आधी त्या वाटेवरचे दिवे, मग बाक, मग आबोली. कारंज्याची मागणी कोणी लावूनच धरली तर ती पुढच्या पालिका मंडळाकडे नम्रपणे पाठवावी.