कॅमलबॅक रँचचं स्प्रिंग ट्रेनिंग: मॅच नंतर, आधी सकाळची प्रॅक्टिस बघा

डॉजर्स या लॉस एंजेलिसच्या बेसबॉल टीमच्या स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या कॅम्पला, जायचं म्हणजे नक्की काय बघायचं, मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का, पैसे वसूल होतात का, असं या महिन्यात आमच्या मंडळातल्या तिघाचौघांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही 2025 च्या फेब्रुवारीत दोनदा गेलो. एकदा 15 तारखेच्या लाँग वीकेंडला फक्त प्रॅक्टिस बघायला, आणि एकदा महिनाअखेर मॅचला. दोन्हींचा अनुभव इतका वेगळा होता की एकाच नावाखाली लिहायचं कसं तेच कळत नाहीये.

जागा म्हणजे कॅमलबॅक रँच, फिनिक्सच्या पश्चिमेला, ग्लेनडेलच्या हद्दीला लागून. 2009 पासून डॉजर्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स या दोन्ही टीम स्प्रिंग ट्रेनिंगला तिथे असतात. मधे तळं, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते, आणि दोघांची मिळून डझनभर प्रॅक्टिसची मैदानं. मेन स्टेडियममधे दहा हजार खुर्च्या आणि आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागाच्या, मागे गवताचा उतार, त्यावर अजून तीनेक हजार माणसं बसतात. कॅलिफोर्नियातल्या आमच्या घरापासून आय-10 हायवेने सहा तास लागले, ब्लाइथला कोलोरॅडो नदी ओलांडली की अ‍ॅरिझोना. आणि एक महत्त्वाचं, फेब्रुवारीत अ‍ॅरिझोनाचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे निघताना तो तास धरा, नाहीतर पोचेपर्यंत अर्धी प्रॅक्टिस संपलेली असते.

पहिल्या ट्रिपला आई-बाबा पण होते, दादरहून तीन महिन्यांसाठी आलेले. बाबांना बेसबॉलमधलं काहीही माहीत नव्हतं पण आयुष्यभर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर उभं राहून नेट्स बघितलेला माणूस, त्यांना म्हणलं बाबा तुम्ही चला तर खरं, मॅच नाहीये, फक्त सराव आहे. ते लगेच बूट घालून तयार, आई मात्र म्हणाली सराव बघायला सहा तास कोण जातं, पण तिनेच रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. ते सगळं आम्ही पार्किंगमधे डिकी उघडून खाल्लं. सकाळी इतका गारठा होता की आईला माझं जॅकेट द्यावं लागलं आणि बारा वाजता त्याच जागी सगळे टोप्या शोधत होते. वाळवंट आहे ते, दोन्ही तयारी ठेवा.

प्रॅक्टिसला तिकीट नव्हतं. सरळ आत जायचं आणि मागच्या मैदानांच्या मधल्या वाटांवरून चालत राहायचं, जाळीच्या इकडे आपण आणि तिकडे प्लेअर्स, कधीकधी अंतर दहा फूट सुद्धा नसतं. टीव्हीवर तुम्हाला कधीच कळत नाही की कॅचरच्या (आपला विकेटकीपर समजा) ग्लव्हमधे बॉल बसतो तेव्हा आवाज किती मोठा येतो. बुलपेनमधे, म्हणजे पिचर लोकांच्या (आपले बोलर समजा) सरावाच्या जागेत, पाच-सहा जण ओळीनं उभे राहून टाकत होते आणि तो आवाज असा एकामागून एक, फटाक फटाक, माझा दहा वर्षांचा लेक पहिल्या पाच मिनिटांत बोलायचाच बंद झाला. शेजारच्या मैदानावर पिचर लोकांचं वेगळंच चाललेलं, बॉल टाकायची नुसती अ‍ॅक्शन करायची आणि लगेच पहिल्या बेसकडे (रन काढताना ज्या चार ठिकाणांना शिवत धावतात त्यातलं पहिलं) धावत जाऊन तिथे आलेला थ्रो पकडायचा, परत रांगेत, परत तेच. कोट्यवधी डॉलर घेणारी माणसं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी राहून तेच तेच करतायत, हे बघताना मला खरंच भरून आलं.

डॉजर्सचा जपानी स्टार ओहतानी दिसला का हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. दिसला. पण तो चालत एका मैदानावरून दुसरीकडे जायला निघाला की जपानी पत्रकारांचे कॅमेरे आणि आपल्यासारखे शेकडो लोक दोरीपाशी जमा होतात, त्या गर्दीत लहान मुलं असतील तर मधे घुसू नका. सही मिळेल या आशेवर तीन तास एका जागी उभे राहिलेले लोक बघितले मी. त्या तीन तासांत त्यांना एकही बॅटिंग प्रॅक्टिस बघता आली नाही. ज्याची त्याची आवड, पण मला विचाराल तर सही हा या जागेचा सगळ्यात कमी मोलाचा भाग आहे.

आम्ही काय बघितलं ते सांगते. मुकी बेट्स. आता हा डॉजर्सचा माणूस राइट फिल्डचा, म्हणजे आउटफिल्डच्या उजव्या बाजूचा, त्या जागेवर सहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे फिल्डिंगची बक्षिसं, मिळवलेला, म्हणजे त्याच्या कामात जगात सगळ्यात भारी. आणि बत्तिशीत त्याला टीमनी शॉर्टस्टॉप करायचं ठरवलं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, जिथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात अवघड ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल, येतात. 2024 मधे पण त्याने सुरुवात तिथेच केली होती पण जूनमधे पिचरचा बॉल लागून हात मोडला आणि परत आला तो राइट फिल्डलाच. त्यामुळे 2025 च्या कॅम्पमधे सगळ्यांना हीच धाकधूक होती की जमणार का. रेडिओवर तर रोज त्यावर चर्चा.

तर तो मागच्या मैदानावर होता, आणि कोच त्या लांब हलक्या बॅटनी, तिला फंगो म्हणतात, त्याला ग्राउंडर मारत होता. डावीकडे. उजवीकडे. सरळ अंगावर. मग एकदम हळू घरंगळत येणारा, ज्यावर पुढे धावत येऊन वाकल्या वाकल्याच थ्रो करावा लागतो. मजा अशी की आउटफिल्डरला हात डोक्यावरून फिरवून लांब थ्रो करायची सवय असते आणि शॉर्टस्टॉपला तेवढा वेळच नसतो, बॉल ग्लव्हमधून हातात आणि हातातून लगेच बाजूनं पहिल्या बेसला, पाय आधी सेट झालेले पाहिजेत. म्हणजे हाताला लागलेलं वळण मोडून नवीन लावायचं, ते पण करिअर अर्ध्याहून जास्त झाल्यावर. मिगेल रोहास हा मुरलेला शॉर्टस्टॉप त्याला शिकवायला मदत करतोय हे वाचलेलं होतं. त्या वर्षी तो 72 नंबर घालत होता, कारण स्वतःचा 11 त्याने जपानहून आलेल्या रोकी सासाकीला दिला. ज्याची जागा घ्यायची त्याच्याकडूनच शिकायचं, आणि त्यानेही मनापासून शिकवायचं, हे मला फार मोठं वाटतं.

बाबा जाळीला हात लावून उभे. तासभर हलले नाहीत. मधेच म्हणाले, "अगं, हा बॉलकडे हात नेतच नाहीये बघ, आधी पाय नेतोय." क्रिकेट बघून बघून तयार झालेली नजर, नियम माहीत नसताना बरोबर तिथेच गेली. आईनं तोवर एका बाकावर बसून शेजारच्या आजींशी मैत्री केली होती, त्या लहानपणापासूनच्या डॉजर्स फॅन, पूर्वी फ्लोरिडात व्हेरो बीचला जायच्या. 1948 ते 2008 डॉजर्सचं ट्रेनिंग तिथे होतं, डॉजरटाउन. तिथे जागा घेण्यामागे एक कारण हेही होतं की जॅकी रॉबिन्सन (मोठ्या लीगमधली काळ्या प्लेअर्सवरची बंदी मोडणारा डॉजर) आणि इतर काळ्या प्लेअर्सना तेव्हाच्या फ्लोरिडात गोऱ्या टीममेट्सबरोबर एका हॉटेलात राहता येत नव्हतं, 1947 मधे तर टीम सराव करायला थेट हवानाला गेली होती. स्वतःची बंद वसाहत असली की निदान आत तरी सगळे एकत्र जेवतील, झोपतील. आजी हे सांगत होत्या आणि आई मला मराठीत विचारून विचारून समजून घेत होती. घरी येऊन तिने लेकाकडून जॅकी रॉबिन्सनवरचं सगळं वाचून घेतलं.

आता मॅच. 28 फेब्रुवारी, एंजल्स या दुसऱ्या टीमविरुद्ध, ओहतानी खांद्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा खेळणार म्हणून तिकिटं पेटलेली. रीसेलच्या एका साइटवर घेतलं, शेवटच्या पानावर फी लागून आकडा इतका वाढला की मी दोनदा मागे जाऊन परत बघितलं, आणि हॉटेलवाल्यांनीही त्या वीकेंडचा भाव आधीच्या ट्रिपच्या दुप्पट लावला होता. याचा मला खरंच राग आहे. ज्या गोष्टीची गंमतच साधेपणात आहे ती चार जणांच्या कुटुंबाच्या खिशाबाहेर चाललीये. तरी ओहतानीनी एंजल्सचा पिचर किकुचीला पहिल्याच बॅटिंगला होमरन (आपला सिक्सर समजा) मारला तेव्हा गवतावरचे आम्ही सगळे चादरी तुडवत उभे राहिलो, ते मी विसरणार नाही, पैसे गेले त्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरले.

पण मॅच म्हणून अपेक्षा कमी ठेवा. चार-पाच इनिंग झाल्या की मोठे प्लेअर्स निघून जातात आणि 80-90 नंबरचे शर्ट घातलेली पोरं येतात, काहींच्या तर पाठीवर नाव पण नसतं. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर तशीच सोडून सगळे घरी. पिचर कधी मुद्दाम एकच नवीन बॉल परत परत टाकून बघत असतो, त्याला रन गेल्याचं काही वाटत नाही, त्यामुळे स्कोअरबोर्ड बघून चिडणारा माणूस बरोबर असेल तर त्याला आधीच समजावा. आमचे हे पहिल्यांदा वैतागले होते. मी मात्र सातव्या इनिंगनंतर जास्त मन लावून बघते, कारण त्या नाव नसलेल्या शर्टमधल्या पोराला बहुतेक महिन्याभरात खाली मायनर लीगला, म्हणजे खालच्या पातळीच्या टीमला, जायचंय, आणि आज मिळालेली एकच बॅटिंग तो अशी खेळतो की जणू वर्ल्ड सिरीजच, म्हणजे सीझनची फायनलच, चाललीये.

खाणं ठीक, डॉजर डॉग (हॉट डॉग) मिळतो, व्हेज लोकांनी पोट भरून जावं. खुर्चीपेक्षा गवत घ्या, स्वस्त पण पडतं आणि मुलं मोकळी राहतात. दुपारची मॅच असेल तर उन्हाचा विचार करूनच.

ही गोष्ट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची, पण रिव्ह्यूमधे पाहिजेच. 1 नोव्हेंबरला टोरांटोत ब्लू जेज या तिथल्या टीमविरुद्ध वर्ल्ड सिरीजची सातवी, म्हणजे शेवटची मॅच, मुंबईत रविवारची पहाट. बाबा साडेपाचला उठून व्हिडिओ कॉलवर, मी फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवलेला. नवव्या इनिंगमधे आपण एकनं मागे, आणि होमरन मारून बरोबरी कोण करतो, तर रोहास. मग अकराव्यात आपल्या कॅचरचा, विल स्मिथचा होमरन, 5-4. शेवटी ब्लू जेजचे लोक बेसवर, एक आउट, आपल्या यामामोटोनी टाकला, त्यांच्या कर्कची बॅट मोडली आणि बॉल घरंगळत शॉर्टस्टॉपकडे. मुकी बेट्स. उचलला, स्वतःच दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, पहिल्या बेसला फ्रीमनकडे थ्रो, डबल प्ले, म्हणजे एका बॉलवर दोन आउट, संपलं. इकडे आम्ही किंचाळतोय आणि फोनमधून बाबांचा आवाज, "अगं तोच ना हा? मागच्या मैदानावरचा? आधी पाय नेले बघ!" साडेआठ महिन्यांपूर्वी बिनतिकिटाचं बघितलेलं त्यांच्या डोळ्यासमोर होतं. आई मागून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि बाबांना बोलता येत नव्हतं.

म्हणून मी सांगते की जायचं तर मॅचच्या तिकिटापासून सुरुवात करू नका. प्रॅक्टिसला माझ्याकडून पाचपैकी पाच, मॅचला तीन, त्यातला एक गवतासाठी. यंदा 2026 ला मार्चच्या सुरुवातीला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आहे, ओहतानीसकट बरेच जण आपापल्या देशाकडून खेळायला जातील, त्यामुळे मार्चमधे गेलात तर कॅम्प अर्धा रिकामा वाटेल. फेब्रुवारीचा मधला आठवडा धरा, सकाळी लवकर पोचा, पाण्याच्या बाटल्या घ्या. आमचं बुकिंग झालंय. बाबा यावेळी येऊ शकत नाहीयेत, पण मागच्या मैदानावर शॉर्टस्टॉपला कोण आहे त्याचा व्हिडिओ पाठव, अगदी पायाचा दिसेल असा, असं त्यांनी दोनदा बजावलंय.